कॉन्टॅक्टलेस कार्ड : भीती खिशाची, धोका विश्वासाचा

बँकांकडून नव्याने मिळणाऱ्या बहुतेक डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर आता चार वक्र रेषांची एक छोटी खूण असते. असे कार्ड दुकानातील स्वाइप मशीनजवळ नेले की पिन न देता पाच हजार रुपयांपर्यंतची रक्कम चुकती करता येते. ही सोय जसजशी रुळत गेली तसतशी तिच्याविषयीची धास्तीही वाढली. गर्दीच्या बसमध्ये किंवा लोकलमध्ये कोणीतरी स्वाइप मशीन आपल्या खिशाजवळ आणील आणि आपल्या नकळत पैसे काढून घेईल, असे सांगणारी चित्रफीत समाजमाध्यमांवर अधूनमधून नव्याने फिरू लागते. ती पाहून कार्डाची ही सुविधाच बंद करणारे अनेक जण आहेत. कार्डाभोवती चांदीचा कागद गुंडाळून ठेवणारेही आहेत.

ही धास्ती अगदीच निराधार नाही. मात्र सर्वसामान्य ग्राहकाचे पैसे आज प्रामुख्याने ज्या मार्गाने जात आहेत, तो मार्ग हा नव्हे. पिन न मागणाऱ्या कार्डापेक्षा, ग्राहकाने स्वतःच्या हाताने पिन टाकून केलेल्या व्यवहारातून होणारे नुकसान कितीतरी मोठे आहे. आणि अशा नुकसानीची भरपाई मिळणे अधिक अवघड आहे. दैनंदिन देयक पद्धतींच्या सुरक्षेचा विचार करताना हा विरोधाभास ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

पाच हजारांची मर्यादा

भारतात कार्डाच्या व्यवहारासाठी दुहेरी पडताळणीचा आग्रह रिझर्व्ह बँकेने धरला आहे. कार्ड हाती असणे ही पहिली पडताळणी आणि पिन किंवा ओटीपी ठाऊक असणे ही दुसरी. मे २०१५ मध्ये बँकेने या नियमाला मर्यादित अपवाद केला आणि दोन हजार रुपयांपर्यंतच्या कॉन्टॅक्टलेस व्यवहारांना पिनशिवाय परवानगी दिली. दिवसाला किंवा आठवड्याला असे किती व्यवहार होऊ द्यायचे, हे ठरविण्याची मुभा बँकांना देण्यात आली. पुढे कोरोना साथीच्या काळात यंत्राला हात लावणेही लोक टाळू लागले. त्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा पाच हजार रुपये करण्यात आली.

दरम्यान, जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक महत्त्वाचा निर्णय घेतला होता. नवे कार्ड देताना ते केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांपुरतेच सुरू ठेवावे. कॉन्टॅक्टलेस, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची सुविधा ग्राहकाने मागितल्यावरच द्यावी, असे बँकांना सांगण्यात आले. प्रत्येक सुविधा स्वतंत्रपणे चालू किंवा बंद करण्याची आणि तिची कमाल रक्कम ठरविण्याची सोय ग्राहकाला चोवीस तास उपलब्ध असावी, असेही बंधन घालण्यात आले. ही सोय बँकेच्या मोबाइल अॅपमध्ये असते. परंतु तिचा वापर करणारे ग्राहक आपल्या परिचितांमध्ये किती आढळतात, हे ज्याने त्याने पाहावे.

खिशातून पैसे खरोखर निघू शकतात काय?

कॉन्टॅक्टलेस कार्ड आणि यंत्र यांच्यातील संवाद अवघ्या काही सेंटिमीटर अंतरावर होतो. या संवादासाठी कार्डातील चिप प्रत्येक व्यवहारागणिक नवा सांकेतिक मजकूर तयार करते आणि त्यात व्यवहाराचा क्रमही गुंफलेला असतो. त्यामुळे एका व्यवहाराचा मजकूर कोणी टिपून घेतला, तरी तो दुसऱ्या व्यवहारासाठी चालत नाही. कार्डाच्या मागे छापलेला तीन अंकी सीव्हीव्ही या संवादात बाहेर पडत नाही. कार्डाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख मात्र वाचता येऊ शकते. देशांतर्गत ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागत असल्याने केवळ तेवढ्या माहितीवर चोराचे काम भागत नाही. परंतु परदेशातील काही संकेतस्थळे ओटीपी मागत नाहीत. म्हणूनच परदेशी व्यवहारांची सुविधा गरज नसताना बंद ठेवणे हिताचे असते.

स्वाइप मशीन हाती असलेला चोर गर्दीत वावरू लागला, तर त्याच्यापुढेही अडचणी आहेत. यंत्र मिळविण्यासाठी व्यापारी म्हणून नोंदणी करावी लागते, ओळखपत्रे द्यावी लागतात आणि जमा झालेली रक्कम बँक खात्यातच येते. प्रत्येक चोरीचा माग थेट त्या खात्यापर्यंत पोहोचतो. एकाच पाकिटात दोन-तीन कार्डे असतील तर यंत्राचा गोंधळ उडतो. शिवाय रक्कम वळती होताच ग्राहकाच्या मोबाइलवर संदेश येतो. बनावट कागदपत्रांच्या आधारे यंत्र मिळविणे अशक्य नसले, तरी इतका खटाटोप करून प्रत्येक खिशातून जास्तीत जास्त पाच हजार रुपये मिळविण्याचा हा धंदा चोराला परवडणारा नाही.

कॉन्टॅक्टलेस कार्डाचा खरा धोका साधा आणि जुना आहे. हरवलेले किंवा चोरलेले कार्ड बंद करण्यापूर्वी कोणी दोन-चार दुकानांत वापरले, तर पिन आडवा येत नाही. त्याखेरीज, दुकानदाराने चुकून वा हेतुपुरस्सर जास्त रक्कम टाकली आणि ग्राहकाने पडद्याकडे न पाहताच कार्ड टेकविले, तर तीही रक्कम जाते. या दोन्ही प्रसंगांवरील उपाय तांत्रिक नसून सवयीचे आहेत.

या संदर्भात ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तेथे २००७ मध्ये दहा पौंडांच्या मर्यादेने सुरू झालेली ही पद्धत ऑक्टोबर २०२१ मध्ये शंभर पौंडांपर्यंत पोहोचली. तेथील बँकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये कॉन्टॅक्टलेस व्यवहारांतील फसवणुकीची रक्कम सुमारे ४ कोटी १५ लाख पौंड होती. त्याच वर्षी ग्राहकांना भुलवून त्यांच्याच हातून पैसे पाठवून घेण्याच्या प्रकारांत सुमारे ४६ कोटी पौंड गेले. म्हणजे ज्याची भीती अधिक, त्यातील नुकसान दुसऱ्या प्रकारच्या तुलनेत सुमारे एक अकरांश होते.

प्रागमधील प्रकरण

तंत्रज्ञानात त्रुटी नाहीतच, असा याचा अर्थ नव्हे. कार्डाचा संवाद एका ठिकाणी पकडून तो इंटरनेटवरून दूरच्या यंत्रापर्यंत पोहोचविण्याच्या युक्तीला 'रिले' असे म्हणतात. चिप कार्डाबाबत असे करता येते, हे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्येच दाखवून दिले होते. ठरावीक रकमेपुढे मागितला जाणारा पिन काही कार्डांच्या बाबतीत टाळता येतो, हे झुरिच येथील तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये सिद्ध केले.

प्रयोगशाळेतील ही युक्ती प्रत्यक्ष गुन्ह्यात कशी उतरते, याचे उदाहरण चेक प्रजासत्ताकात पाहावयास मिळाले. संगणक सुरक्षा क्षेत्रातील ईसेट या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा तपशील प्रसिद्ध केला. ग्राहकाला प्रथम कर परताव्याचा संदेश येई. त्यातील दुव्यावरून तो बँकेच्या नावाचे बनावट अॅप उतरवून घेई. पाठोपाठ बँक कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्याचा दूरध्वनी येई आणि 'तुमचे खाते धोक्यात आहे, पिन बदलून कार्डाची पडताळणी करा' असे सांगण्यात येई. त्यासाठी आणखी एक अॅप घ्यावे लागे. ग्राहक त्यात पिन टाकी आणि आपलेच कार्ड आपल्याच मोबाइलच्या पाठीला लावी. तेवढ्या क्षणात कार्डाचा संवाद चोराच्या मोबाइलवर पोहोचे आणि तो एटीएमसमोर उभा राहून पैसे काढी. मार्च २०२४ मध्ये प्रागमध्ये एका संशयितास अटक झाल्यानंतर ही मोहीम थंडावली. मात्र पुढील वर्षी इटलीसह अन्यत्र याच धर्तीचे प्रकार उघडकीस आले.

या प्रकरणाची मेख अशी की, कॉन्टॅक्टलेस तंत्राचा पुरेपूर वापर करूनही चोराला ग्राहकाचा विश्वास संपादन करावाच लागला. अॅप ग्राहकाने घेतले, पिन ग्राहकाने टाकला, कार्ड ग्राहकाने टेकविले.

चोराने वाट बदलली

भारतातील गेल्या दहा वर्षांचा इतिहासही याच दिशेने जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एटीएम यंत्रणेतील घुसखोरीमुळे सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. अनेक बँकांना ती कार्डे बदलावी लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास करण्यात आले. कार्डांच्या नकला तयार करून २८ देशांतील एटीएममधून काही तासांत पैसे काढण्यात आले होते. चुंबकीय पट्टीवरील माहिती स्थिर असते आणि तिची नक्कल करता येते, या दुबळेपणाचा फायदा असे गुन्हेगार घेत.

त्यानंतर चुंबकीय पट्टीची जागा चिपने घेतली. डिसेंबर २०१८ अखेर सर्व कार्डे चिप आणि पिनची करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली आणि त्याऐवजी सांकेतिक टोकन वापरले जाऊ लागले. कार्ड फोडणे असे कठीण होत गेले, तेव्हा गुन्हेगारांनी आपला मोर्चा कार्डधारकाकडे वळविला.

त्यासाठी त्यांना सोयीचे साधनही मिळाले. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या यूपीआयने देशातील देयक पद्धतीचे रूप पालटले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील यूपीआय व्यवहारांची संख्या प्रथमच दोन हजार कोटींच्या पुढे गेली आणि त्यांचे मूल्य सुमारे २४ लाख ८५ हजार कोटी रुपये होते. भाजीवाल्यापासून रिक्षाचालकापर्यंत सर्वांनी स्वीकारलेली ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे. मोबाइलमधील सिमकार्ड, नोंदविलेले उपकरण आणि पिन या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय सहसा पैसे हलत नाहीत. परंतु एकदा हलले की काही क्षणांत ते दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. तेथून ते पाच-दहा खात्यांत फिरविण्यास फारसा वेळ लागत नाही.

येथे होणारी फसवणूक बहुधा एका गैरसमजावर उभी असते. पैसे घेण्यासाठीही पिन टाकावा लागतो, असे अनेकांना वाटते. जुने सामान विकत घेण्याच्या मिषाने 'पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे सांगितले जाते आणि विक्रेत्याच्याच खात्यातून रक्कम जाते. पैशाची मागणी करणारी विनंती पाठवून ती मंजूर करून घेण्याचा प्रकार इतका वाढला होता की, भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने व्यक्ती-व्यक्तींमधील अशा विनंत्यांची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. एखादी सुविधा धोक्याची ठरते आहे असे दिसताच ती काढून घेण्याचा हा निर्णय स्वागतार्ह होता. परंतु तो येण्यापूर्वी अनेकांचे हात पोळले होते.

गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हा आकडा ७ हजार ४६५ कोटी रुपये होता. यात बनावट गुंतवणूक योजना, तथाकथित 'डिजिटल अटक' आणि तत्सम सर्व प्रकार येतात. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात २०२४-२५ या वर्षात कार्ड आणि इंटरनेट व्यवहारांतील एक लाख रुपयांवरील फसवणुकीची रक्कम ५२० कोटी रुपये दाखविली आहे. दोन्ही आकड्यांचे मोजमाप वेगळे असल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरीही बँकांच्या दप्तरी नोंद होणारे नुकसान आणि नागरिकांनी तक्रारीत सांगितलेले नुकसान यांतील दरी त्यातून दिसते.

नुकसान कोणी सोसायचे?

ही दरी का पडते, याचे उत्तर बऱ्याच अंशी नियमांत आहे. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे परिपत्रक काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते सहकारी बँकांनाही लागू झाले. बँकेची चूक असेल तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागू नये, असे त्यात म्हटले होते. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रसंगी तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास संपूर्ण भरपाई मिळावी. चार ते सात दिवसांत कळविल्यास खात्याच्या प्रकारानुसार पाच, दहा किंवा पंचवीस हजार रुपयांपर्यंतच ग्राहकाने सोसावे, अशी ही चौकट होती. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करण्याचे आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेचीच असल्याचेही त्यात नमूद होते.

मात्र ग्राहकाने पिन किंवा ओटीपी दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. आणि ग्राहकाने भुलून स्वतःच पिन टाकला असेल, तर तो व्यवहार 'अनधिकृत' म्हणायचा की नाही, येथूनच वाद सुरू होतो. पिनशिवाय झालेल्या पाच हजारांच्या व्यवहारात ग्राहकाने संमती दिल्याचा कोणताही पुरावा बँकेपाशी नसतो. पन्नास हजारांच्या यूपीआय व्यवहारात मात्र टाकलेला पिन हाच ग्राहकाविरुद्धचा पुरावा ठरतो. अधिक सुरक्षित मानलेल्या व्यवहारात ग्राहक अधिक उघडा पडतो, तो असा.

न्यायालयांनी या बाबतीत ग्राहकांना काही प्रमाणात दिलासा दिला आहे. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या परिपत्रकाचा आधार घेऊन एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा आदेश संबंधित बँकेला दिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. त्या प्रकरणात ग्राहकसेवा प्रतिनिधी असल्याची बतावणी करणाऱ्याच्या सांगण्यावरून ग्राहकाने अॅप घेतले होते आणि त्याच्या खात्यातून ९४ हजार २०४ रुपये गेले होते. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळविले होते, ही बाब निर्णायक ठरली. परंतु दहा-वीस हजार गमावलेला पेन्शनर किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी उच्च न्यायालयाची पायरी चढू शकत नाही. त्याला न्याय मिळायचा तर तो नियमातूनच मिळावा लागेल.

अन्य काही देशांनी त्या दिशेने पावले टाकली आहेत. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, भुलवून पाठवावयास लावलेल्या रकमेचीही ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई देणे बँकांना बंधनकारक झाले. तिचा भार पैसे पाठविणारी आणि स्वीकारणारी अशा दोन्ही बँकांवर निम्मा-निम्मा टाकण्यात आला. सिंगापूरने डिसेंबर २०२४ मध्ये बँकांबरोबरच दूरसंचार कंपन्यांनाही जबाबदार धरणारी चौकट लागू केली. पैसे स्वीकारणाऱ्या बँकेला निम्मा भार उचलावा लागला, तर भाड्याने दिलेली खाती उघडू देताना ती अधिक सावध राहील, हा त्यामागील तर्क आहे. अशी भरपाई दिल्यास ग्राहक निष्काळजी होतील आणि खोट्या तक्रारी वाढतील, असा बँकांचा आक्षेप असतो. तो विचारात घेण्याजोगा असला, तरी त्यावर रकमेची मर्यादा आणि तक्रारीची मुदत हे उपाय आहेत.

भारतातही या दिशेने हालचाल सुरू झाली आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये रिझर्व्ह बँकेने छोट्या रकमेच्या फसवणुकीत ग्राहकाला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची चौकट आणण्याचा प्रस्ताव मांडला. तत्पूर्वी, सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणीविषयीचे नवे निर्देश काढून त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख निश्चित करण्यात आली होती. केवळ ओटीपीवर विसंबून न राहता व्यवहाराची जोखीम पाहून पडताळणी करण्यावर त्यात भर आहे. ऐंशी वर्षांच्या खातेदाराच्या खात्यातून रात्री अकरा वाजता अनोळखी खात्याकडे आयुष्यभराची बचत जाऊ लागली, तर पिन बरोबर आहे एवढ्यावर यंत्रणेने समाधान मानू नये, ही अपेक्षा रास्त आहे.

ग्राहकाच्या हाती काय आहे?

नियम बदलेपर्यंत, आणि बदलल्यानंतरही, काही गोष्टी ग्राहकाने स्वतः करावयाच्या आहेत. कॉन्टॅक्टलेस सुविधा ठेवायची असल्यास बँकेच्या अॅपमध्ये तिची मर्यादा आपल्या रोजच्या खर्चाएवढी कमी करावी. कार्ड दुकानदाराच्या हाती देण्याऐवजी स्वतः टेकवावे आणि तत्पूर्वी पडद्यावरील रक्कम वाचावी. यूपीआयसाठी मुख्य बचतीचे खाते न जोडता थोडी रक्कम असलेले वेगळे खाते जोडल्यास नुकसानीला आपोआप मर्यादा पडते. मेट्रो आणि बससाठी मिळणाऱ्या राष्ट्रीय सामायिक कार्डातील प्रवासाची शिल्लक ही खिशातील रोख रकमेसारखीच समजावी. तिच्यात गरजेपुरतेच पैसे भरावेत. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवून द्यावे. आणि पडताळणीसाठी आपले कार्ड आपल्याच मोबाइलला लावण्यास कोणी दूरध्वनीवरून सांगितले, तर तो दूरध्वनी तत्काळ बंद करावा.

पैसे गेलेच, तर वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळविल्यास रक्कम पुढील खात्यांत गोठविण्याचा प्रयत्न करता येतो. पहिल्या काही तासांत तो यशस्वी होण्याची शक्यता अधिक असते. त्याच वेळी बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. अनेक जण लाजेपोटी दोन-तीन दिवस गप्प राहतात. घरच्यांना काय सांगावे, हा प्रश्न त्यांना पैशांहून मोठा वाटतो. भरपाईची मुदत मात्र त्याच दिवसांत सरत असते.

रोख रकमेकडून कार्डाकडे आणि कार्डाकडून मोबाइलकडे झालेला प्रवास देशातील कोट्यवधी नागरिकांनी बँका आणि सरकार यांच्या शब्दावर विश्वास ठेवून केला आहे. चिप, टोकन आणि पिन यांच्या साह्याने यंत्र सुरक्षित करण्यात मोठे यश आले. यंत्र फोडता येत नाही म्हणून माणसाला भुलविले जाते, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. अशा वेळी भुललेल्या माणसाला एकट्यालाच दोषी धरायचे, की ज्या बँकेच्या खात्यात ते पैसे जमा झाले तिलाही जाब विचारायचा, या प्रश्नाचा निर्णय प्रस्तावित भरपाई योजनेच्या अंतिम शब्दरचनेत होणार आहे. कॉन्टॅक्टलेस कार्डाभोवती चांदीचा कागद गुंडाळणाऱ्या ग्राहकांनी त्या शब्दरचनेकडेही तितक्याच सावधपणे पाहणे गरजेचे आहे.